कॉलेजच्या पुस्तकांचा खर्च

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. दुपारच्या सुटींत आम्ही शिक्षकांच्या खोलींत बसलों असतां एक बाई दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. बारावींत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण होऊन तिनें पुण्यांतील एका कॉलेजांत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षास प्रवेश मिळविला होता. बाईंच्या हातांत चार घड्या घातलेला एक कागद होता. त्यावर एकोणीस पुस्तकांचीं नांवें, प्रत्येकासमोर किंमत, आणि तळाशीं बेरीज नऊ हजार चारशें रुपये.

"सर, हीं सगळींच लागतात का हो?" त्यांनीं विचारलें. मग जरा थांबून म्हणाल्या, "कानांतलीं गहाण ठेवायचं ठरवलंय. पण म्हटलं, आधीं तुम्हांला विचारावं."

आम्हीं त्यांस बसावयास सांगितलें आणि यादी वाचूं लागलों. ती कॉलेजानें दिलेली नव्हती, विद्यापीठानेंही नव्हे. एका दुकानदारानें आपल्या हातानें लिहून दिलेली होती. त्या एकोणिसांपैकीं अखेरीस किती पुस्तकें विकत घ्यावीं लागलीं तें पुढें येईलच. परंतु त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनांत घोळत राहिला, आणि वार्षिकांत कांहीं लिहावें असें संपादकांनीं सुचवितांच दुसरा विषय आम्हांस सुचला नाहीं.

आपल्या शाळेंतून दरवर्षीं कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींपैकीं पुष्कळ जण असे आहेत कीं त्यांच्या घरीं कॉलेजची पायरी चढणारें माणूस तेंच पहिलें. अशा घरीं पुस्तकांची यादी सरकारी हुकुमासारखी वाटते. तिच्यांतील एखादें नांव गाळतां येतें, हें त्यांस कोणीं सांगितलेलेंच नसतें. मग दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर आईबाप कर्ज काढून सर्व पुस्तकें आणतात आणि त्यांतील निम्मीं कोरींच राहतात. किंवा मुलगा खर्चाच्या भीतीनें घरीं कांहीं बोलतच नाहीं, शेजाऱ्याच्या पुस्तकांत डोकावून वर्ष काढतो आणि परीक्षेंत नापास होतो. पहिल्या गोष्टीची हळहळ वाटते, पण दुसरी तिच्याहून वाईट. म्हणून काटकसर याचा अर्थ पुस्तकावांचून राहणें असा कोणीं घेऊं नये. योग्य पुस्तक योग्य वेळीं व कमींत कमी पैशांत हातीं कसें यावें, एवढाच येथें प्रश्न आहे.

पहिली गोष्ट यादीविषयीं. प्रत्येक विद्यापीठ आपला अभ्यासक्रम प्रसिद्ध करतें आणि हल्लीं तो विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहतां येतो. प्रत्येक विषयाच्या शेवटीं तेथें पुस्तकांचीं नांवें दिलेलीं असतात. पण तीं सर्व एका तोलाचीं नसतात. कांहीं नेमलेलीं असतात, कांहीं शिफारस केलेलीं, तर कांहीं केवळ संदर्भासाठीं सुचविलेलीं. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषाविषयांत नेमलेलें नाटक किंवा कवितासंग्रह लागतोच, कारण प्रश्न त्यावरच येतात. शास्त्रविषयांत तसें नाहीं. उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या एकाच भागावर चार लेखकांचीं चार पुस्तकें तेथें दिलेलीं असतात, तीं एवढ्यासाठीं कीं ज्याला जें मिळेल व समजेल तें त्यानें वाचावें. दुकानदाराच्या यादींत मात्र अभ्यासक्रमांतील 'किंवा' गळून त्या जागीं 'आणि' आलेलें असतें. त्या बाईंच्या यादींतील चार पुस्तकें अशीं 'आणि'मुळेंच घुसलेलीं होतीं.

दुसरें असें कीं, तास सुरू होण्यापूर्वीं पुस्तकें घेण्याची घाई करूं नये. नव्या वह्या व नवीं पुस्तकें घेऊन पहिल्या दिवशीं वर्गांत बसण्याची हौस आम्ही जाणतों. शाळेच्या वयांत ती शोभतेही. कॉलेजांत मात्र पहिले पंधरा दिवस कोरी वही पुरते. तेवढ्या अवधींत प्राध्यापक कोणतें पुस्तक हातांत घेऊन शिकवितात, उदाहरणें कोठून घालतात, हें आपोआप कळतें. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावें, म्हणजे त्यांनीं कोणतें पुस्तक वर्षभर उघडलें आणि कोणतें नाहीं, हें ते मोकळेपणानें सांगतात. प्राध्यापकांसही विचारावें; परंतु "सर, कोणतं पुस्तक चांगलं?" असें विचारल्यास उत्तम पुस्तकाचें नांव मिळतें, आणि उत्तम पुस्तक बहुधा महाग असतें. "सर, एकच घेणं परवडणार आहे, तर कोणतं घेऊं?" असें विचारून पाहावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. हा प्रश्न ऐकून रागावलेला प्राध्यापक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

अकरावी व बारावीच्या विद्यार्थ्यांचें काम याहून सोपें. राज्य मंडळाचीं पाठ्यपुस्तकें बालभारती तयार करते आणि तिच्या संकेतस्थळावरून तीं विनामूल्य उतरवून घेतां येतात. केंद्रीय मंडळाकडे जाणाऱ्यांस एन.सी.ई.आर.टी.चीं पुस्तकेंही तशींच मिळतात. छापील प्रत घेतली तरी तिची किंमत माफक असते. या दोन वर्षांत पालकांचा पैसा जातो तो पाठ्यपुस्तकांवर नव्हे, तर गाईडांवर. त्यांविषयीं पुढें बोलूं.

पुस्तकें एवढीं महाग कां, हा प्रश्न पालक नेहमीं विचारतात. त्याचें एक कारण औषधासारखें आहे. औषध वैद्य लिहून देतो आणि पैसे रोगी मोजतो. त्याचप्रमाणें पुस्तक प्राध्यापक निवडतात आणि पैसे पालक देतात. जो निवडतो त्याच्या खिशास किंमतीची झळ लागत नाहीं, म्हणून किंमत खालीं ओढणारा हात सैल पडतो. दुसरें कारण नव्या आवृत्तींचें. जुन्या पुस्तकांची खरेदीविक्री जोरांत चालू लागली कीं प्रकाशकाची विक्री मंदावते. मग तीन चार वर्षांनीं नवी आवृत्ति निघते, प्रकरणांचा क्रम थोडा हलतो, उदाहरणांचे आंकडे बदलतात आणि जुनी प्रत बाजारांतून उठते. हें सर्वांत ठळकपणें दिसतें तें अमेरिकेंत. तेथील सरकारी किंमत-निर्देशांकाप्रमाणें जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या साडेदहा वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किंमती ८८ टक्क्यांनीं वाढल्या; कॉलेजची फीसुद्धां तेवढी वाढली नाहीं.

याच संबंधांत घडलेला एक खटला विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखा आहे. सुपाप किर्तसेंग नांवाचा एक तरुण १९९७ सालीं थायलंडहून अमेरिकेस गणित शिकण्यासाठीं गेला. तेथें त्याच्या ध्यानांत आलें कीं, वर्गांत जें पुस्तक भरमसाट किंमतीस विकलें जातें तेंच पुस्तक, त्याच प्रकाशकाचें, आपल्या देशांत फार थोड्या पैशांत मिळतें. त्यानें घरच्या मंडळींस व मित्रांस लिहून तीं पुस्तकें मागविलीं आणि अमेरिकेंत विकलीं. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेनें २००८ सालीं त्याच्यावर फिर्याद केली आणि खालच्या कोर्टांत त्याला सहा लक्ष डॉलर्स भरपाई देण्याचा निकाल लागला. परंतु १९ मार्च २०१३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल सहा विरुद्ध तीन मतांनीं फिरविला. पुस्तकाची प्रत एकदां रीतसर विकली गेली कीं ती पुढें विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती प्रत कोणत्याही देशांत छापलेली असो, असा त्या निर्णयाचा आशय.

आपण या खटल्यांत थायलंडच्या बाजूस आहों, हें आपलें सुदैव. परदेशी लेखकांच्या पुष्कळ मोठ्या ग्रंथांच्या भारतीय आवृत्ति निघतात. कागद पातळ, चित्रें रंगीत नसून काळीं, बांधणी साधी, पण मजकूर बहुतेक तोच. अशा पुस्तकाच्या मागील बाजूस, विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इत्यादि देशांसाठीं, असें इंग्रजींत छापलेलें आढळतें. दुकानांत पुस्तक मागतांना लेखकाच्या नांवाबरोबर "भारतीय आवृत्ति आहे का?" असें अवश्य विचारावें. न विचारल्यास परदेशी प्रत पुढें केली जाते, असा आमचा अनुभव आहे.

स्वस्त आवृत्तींची ही सोय नवी नाहीं. ब्रिटिश सरकारच्या साहाय्यानें ई.एल.बी.एस. या नांवाची स्वस्त ग्रंथमाला कित्येक वर्षें निघत असे. ती १९९७ सालीं बंद पडली. रशियांतून मीर प्रकाशनाचीं गणिताचीं व भौतिकीचीं पुस्तकें येत आणि आपल्या महाराष्ट्रांत लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत तीं नाममात्र किंमतीस मिळत. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला आणि तो ओघ आटला. आम्ही कॉलेजांत पोहोंचलों तेव्हां या दोन्ही मालिका सरल्या होत्या. परंतु मिशनच्या वसतिगृहांत एक लांकडी कपाट होतें व त्यांत त्यांच्या जीर्ण प्रती होत्या. इरोडॉव्ह यांचा भौतिकीच्या उदाहरणांचा संग्रह आम्हांस तेथेंच मिळाला. आंतल्या पानावर आमच्या पूर्वीं तो वापरून गेलेल्या सहा विद्यार्थ्यांचीं नांवें होतीं. सातवें आम्हीं लिहिलें. त्याहूनही मागें जावयाचें तर मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाचें उदाहरण आहे. तो अवजड ग्रंथ १८३१ सालीं निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ति १८५७ त. सामान्य विद्यार्थ्यास तो उचलावयासही जड. पुढें बाबा पदमनजींनीं त्याचा संक्षेप करून १८६३ सालीं प्रसिद्ध केला. आज तो संपूर्ण कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहतां येतो.

आतां जुन्या पुस्तकांकडे वळूं. आमच्या अहिल्यानगराहून (जुन्या पिढीच्या तोंडीं अजून नगरच) सकाळच्या एस.टी.नें निघालें तर दुपारपूर्वीं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत पोहोंचतां येतें. पेशवाईंतील अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नांवाचा हा चौक आज पुस्तकांच्या दुकानांनीं गजबजलेला आहे. नव्या पुस्तकांवर तेथें थोडीबहुत सूट मिळतेच; शिवाय जुनीं पुस्तकें विकत घेणारे व विकणारेही तेथें आहेत. मुंबईच्या मुलांस माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा पदपथ व फोर्टांतील फ्लोरा फाउंटनचा परिसर ठाऊक असतोच.

जुनें पुस्तक घेतांना मुखपृष्ठ पाहूं नये, शेवट पाहावा. हें आम्ही ठेच खाऊन शिकलों. संख्याशास्त्राचें एक पुस्तक आम्हीं पूर्वीं निम्म्या किंमतीस घेतलें आणि मोठ्या आनंदानें घरीं आलों. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत कोष्टकें पाहण्यासाठीं शेवटीं उघडतों तों कोष्टकांचीं सर्व पानें कोणींतरी व्यवस्थित कापून नेलेलीं! तेव्हांपासून आमचा नियम असा: आधीं शेवटचीं पानें, म्हणजे कोष्टकें व उत्तरें, मग अनुक्रमणिका, मग मधलीं दहा वीस पानें चाळून पाहावीं. मागील बाजूस छापलेला आय.एस.बी.एन. क्रमांक (२००७ पासून तो तेरा आंकड्यांचा असतो) आपल्याला हव्या असलेल्या आवृत्तीशीं ताडून पाहावा, कारण आवृत्ति बदलली कीं हा क्रमांकही बदलतो.

मागील आवृत्ति चालेल का? येथें पुस्तकांचे दोन वर्ग केले पाहिजेत. एक वर्ग अभ्यासक्रमाबरहुकूम, सत्रासत्रासाठीं बेतलेल्या पुस्तकांचा. २०२० सालीं नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालें आणि त्याप्रमाणें आपल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलत आले आहेत. अशा वेळीं या वर्गांतील दोन वर्षांपूर्वींचें पुस्तक फुकट मिळालें तरी घेण्यापूर्वीं अभ्यासक्रम शेजारीं ठेवून प्रकरणें जुळवून पाहावीं. दुसरा वर्ग त्या विषयावरील मान्य ग्रंथांचा. न्यूटनचे नियम अभ्यासक्रमाबरोबर बदलत नाहींत, मागणी-पुरवठ्याची रेषाही बदलत नाहीं. अशा ग्रंथाची मागची आवृत्ति डोळे मिटून घ्यावी. फक्त उदाहरणांचे क्रमांक निराळे असतात, ते मित्राच्या प्रतींतून उतरवून घ्यावे. कायदा, आयकर व हिशेबतपासणी या विषयांत मात्र असें करूं नये. तेथें जुनें पुस्तक म्हणजे जुना कायदा, आणि उत्तर चुकणारच.

पुस्तकाची खरी किंमत छापील नव्हे. घेण्याची व विकण्याची यांतील फरक, ती खरी. समजा, एक पुस्तक जुन्या बाजारांत तीनशें रुपयांस घेतलें आणि वर्षअखेर एकशें साठास विकलें, तर वर्षभर वापरण्याचा खर्च एकशें चाळीस रुपये झाला. म्हणून पुस्तकास कव्हर घालावें, खुणा पेन्सिलीनें कराव्या, आणि परीक्षा संपतांच विकावें. एक वर्ष माळ्यावर पडलें कीं अभ्यासक्रम बदलतो व तेंच पुस्तक रद्दीच्या भावानें जातें. ज्या विषयांत पुढें पदवी घ्यावयाची आहे त्याचीं पुस्तकें मात्र विकूं नयेत. तीन वर्षांनीं तींच पुन्हां विकत घेणारे आम्हीं पाहिले आहेत. आणखी एक लहानशी गोष्ट: छापील पुस्तकांवर वस्तु व सेवा कर नाहीं. छापील किंमतीवर कोणी कर म्हणून कांहीं मागूं लागल्यास देऊं नये.

ग्रंथालयाविषयीं पालकांस फारशी माहिती नसते आणि विद्यार्थी आळस करतात. फीच्या पावतींत ग्रंथालयाचे पैसे बहुधा घेतलेले असतात, म्हणजे त्या पुस्तकांचें भाडें आपण आधींच भरलेलें असतें. पुष्कळ कॉलेजांत 'बुक बँक' असते; थोडी अनामत घेऊन संपूर्ण सत्रासाठीं संच देतात. पण संच मोजके, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यांत करावा लागतो. ग्रंथपालास नमस्कार करून आपली अडचण सांगणाऱ्या मुलास पुस्तक मिळतें, हाही अनुभव. नव्या आवृत्तीसाठीं तेथें रांग असते आणि तिचीच मागची आवृत्ति शेजारच्या फळीवर निवांत बसलेली असते, ती मागावी.

दोघांनीं मिळून एक पुस्तक घेण्याची युक्ति सर्वांस सुचते. संदर्भग्रंथांपुरती ती ठीक आहे. मुख्य पाठ्यपुस्तकाच्या बाबतींत ती परीक्षेच्या आदल्या रात्रीं मोडते, आणि पुस्तकाबरोबर कधीं कधीं मैत्रीही.

फुकट व रीतसर मिळणारीं पुस्तकें हा आजच्या विद्यार्थ्याच्या हातांतील मोठा ठेवा आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.नें चालविलेलें भारताचें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्यें सर्वांस खुलें झालें. एन.पी.टी.ई.एल. या योजनेंत २००३ पासून आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें घरबसल्या ऐकावयास मिळतात. अमेरिकेंतील राइस विद्यापीठानें २०१२ पासून 'ओपनस्टॅक्स' नांवानें भौतिकी, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांवर पाठ्यपुस्तकें काढलीं आहेत; तीं उतरवून घेण्यास, छापण्यास व मित्रास देण्यास लेखकांचीच परवानगी आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास हीं पुस्तकें फार उपयोगी पडतात, कारण भाषा सोपी आणि आकृति स्वच्छ. मराठींत विश्वकोश आहेच, आणि तोही संकेतस्थळावर फुकट.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीं एक कायदा लक्षांत ठेवावा. आपल्या देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या लेखनाचा हक्क राखलेला असतो; पुढें तें लेखन सर्वांचें. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, रेव्ह. नारायण वामन टिळक हे तिघेही १९१९ सालीं वारले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ सालीं. यांचें साहित्य आज कोणासही छापतां येतें, म्हणून तें स्वस्त मिळतें व पुष्कळदां इंटरनेटवर फुकटही. शेक्सपिअर, डिकन्स इत्यादि इंग्रजी लेखकांसाठीं 'प्रॉजेक्ट गुटेनबर्ग' आहे. मायकेल हार्ट या गृहस्थानें १९७१ सालीं सुरू केलेलें. तथापि फुकटच्या प्रतीस प्रस्तावना व टिपा नसतात, आणि अवघड नाटक टिपांवांचून वाचणें सर्वांस साधत नाहीं. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर गणिताचें पुस्तक वाचण्याच्या बाबतींतही आम्ही फारसे आशावादी नाहीं. जें प्रकरण घोटावयाचें तेवढें छापून घ्यावें. संपूर्ण पुस्तक छापूं गेल्यास विकतचें पुस्तक स्वस्त पडतें.

येथें झेरॉक्सचा विषय ओघानें येतो, आणि त्याबद्दल आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. कॉलेजांत असतांना आम्हीं रसायनशास्त्राचा एक आठशें पानी ग्रंथ अथपासून इतिपर्यंत झेरॉक्स करून घेतला. दोन आठवड्यांनीं एका दुकानांत त्याच ग्रंथाची भारतीय आवृत्ति दिसली. झेरॉक्स व बांधणी मिळून आम्हीं जेवढे पैसे दिले होते त्याहून तिची किंमत केवळ पंचवीस रुपयांनीं अधिक होती! शिवाय आमच्या प्रतींत निम्म्या आकृति काळ्याठिक्कर झालेल्या. आठव्या आज्ञेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी व्यवहारही आतबट्ट्याचाच झाला. आणि आठवी आज्ञा बाजूस ठेवतां येत नाहींच. लेखकाचेही पोट असतें.

पण झेरॉक्स म्हटली कीं चोरी, असेंही समजूं नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतील ५२ व्या कलमांत शिकण्या-शिकविण्याच्या ओघांत शिक्षकानें वा विद्यार्थ्यानें केलेल्या नकलेस सूट आहे. तिची व्याप्ति किती, यावर दिल्लींत मोठा वाद झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील एक झेरॉक्सवाला प्राध्यापकांनीं सुचविलेलीं निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणें एकत्र बांधून विद्यार्थ्यांस विकत असे. २०१२ सालीं ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रॅन्सिस या प्रकाशकांनीं त्याच्यावर व विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें तो फेटाळला. अपिलांत डिसेंबरमध्यें दोन न्यायाधीशांनीं असें ठरविलें कीं, किती पानें उतरविलीं यापेक्षां शिक्षणासाठीं तेवढीं आवश्यक होतीं कीं काय, हें पाहावें. आणि तेवढ्यापुरता पुरावा घेण्यासाठीं दावा खालीं पाठविला. मार्च २०१७ मध्यें प्रकाशकांनीं तो मागें घेतला. तेव्हां प्राध्यापकांनीं शिकविण्यासाठीं नेमून दिलेलें प्रकरण उतरवून घेण्यास संकोच नको. रस्त्यावर मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रतींस मात्र हें कलम लागू नाहीं. त्यांत छपाईच्या चुका किती असतात, तें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस सांगावयास नको.

आतां गाईडें. गाईड स्वस्त असतें, हें खरें. पण तें घेणारा मुलगा बहुधा पाठ्यपुस्तक घेत नाहीं, आणि पुढील वर्षीं त्या विषयाचा पाया नसल्यामुळें शिकवणी लावतो. शिकवणीची फी गाईडच्या किंमतींत मिळवावी, म्हणजे तें किती स्वस्त पडलें तें कळेल. परीक्षेपूर्वीं प्रश्नांचा सराव हवा असल्यास विद्यापीठाच्या मागील प्रश्नपत्रिका कॉलेजच्या ग्रंथालयांत मागाव्या.

असो. त्या बाईंच्या यादीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मुलीस बोलावून घेऊन आम्ही तिघेंही अभ्यासक्रम समोर ठेवून तासभर बसलों. एकोणिसांपैकीं चार पुस्तकें 'किंवा'चीं निघालीं. दोन पुस्तकें रीतसर फुकट मिळणारीं होतीं. दोहोंचा अभ्यासक्रमांत उल्लेखच सांपडला नाहीं. तीं यादींत कशीं आलीं तें तो दुकानदारच जाणे. राहिलेल्या अकरांपैकीं सहा तिला कॉलेजच्या ग्रंथालयांत मिळालीं. पांच विकत घ्यावीं लागलीं: दोन भारतीय आवृत्ति नव्या, दोन अप्पा बळवंत चौकांतून जुनीं, आणि एक प्रयोगवही, जी नवीच लागते. एकूण खर्च एक हजार सहाशें चाळीस रुपये, शिवाय एस.टी.चें भाडें.

नाताळच्या सुटींत मायलेकी उपासनेनंतर भेटल्या. आईच्या कानांतलीं कानांतच होतीं. पहिल्या सत्राची परीक्षा झाली होती, काम संपलेलीं दोन पुस्तकें मुलीनें पिशवींतून काढून आमच्या हातांत दिलीं आणि म्हणाली, "सर, हीं विकूं नका. पुढच्या वर्षीं कुणाला लागली तर द्या."

त्या दोन पुस्तकांवरून मुख्याध्यापकांनीं शाळेच्या ग्रंथालयांतील खिडकीजवळचें लोखंडी कपाट या कामीं मोकळें करून दिलें आहे. आज त्यांत सदतीस पुस्तकें आहेत. वाणिज्य शाखेचीं पुष्कळ, कलाशाखेचीं बरीं, शास्त्राचीं फारच थोडीं. नेणाऱ्याचें नांव वहींत लिहून घेतात आणि सत्राची परीक्षा होतांच पुस्तक परत आणावें एवढीच अट. माजी विद्यार्थ्यांच्या घरीं माळ्यावर पुस्तकें असतील तर तीं मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ग्रंथालयांत आणून द्यावीं. पाठ फाटलेलीं, पानें सुटलेलीं असलीं तरी चालतील. आठवीच्या मुलांस हस्तव्यवसायाच्या तासाला पुस्तकबांधणी शिकवीत आहेत, आणि त्यांस सरावासाठीं जुनीं पुस्तकें हवींच आहेत.